मानेतली गाठ

(संत्र्याच्या तोडणीच्या दिवसांत, नागपूर जिल्ह्यातल्या एका गावी रात्रीच्या वर्गापुढे केलेले भाषण)



दिवसभर तुम्ही बागेत राबलात. घरी जाऊन चूल पेटवली, जेवणे उरकली आणि आता पाटी-पुस्तक घेऊन इथे बसला आहात. म्हणून आम्ही फार वेळ घेणार नाही.

आज आम्ही एका दुखण्याची गोष्ट सांगणार आहोत. या दुखण्याने माणूस मरत नाही. पण त्याला रात्रीची झोप नसते आणि दिवसाचे काम होत नाही. ते दुखणे म्हणजे मान दुखणे.

आम्ही आल्या आल्या विचारले, "मान कुणाकुणाची दुखते?" तेव्हा मागच्या बाया एकमेकींकडे पाहून हसल्या. एक म्हातारी माय म्हणाली, "कोनाची नाही दुखत, ते विचारा बापा!"

माय, तू खरे बोललीस. म्हणूनच आम्ही आलो.

शिरेवर शीर चढत नाही

मान दुखली की आपण काय म्हणतो? कुणी म्हणतो, मान धरली. कुणी म्हणतो, लचक भरली. कुणी म्हणतो, शिरेवर शीर चढली.

पहिले दोन शब्द ठीक आहेत. तिसरा बरोबर नाही. शिरेवर शीर चढत नाही. शिरा आपल्या जागी असतात. दुखतो तो बहुतेक वेळा स्नायू. स्नायू म्हणजे अंगातले मांस. ते आवळते आणि सैल होते, म्हणून आपला हात हलतो, मान वळते.

आता सगळ्यांनी उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवा. मान आणि खांदा यांच्या मधला जाड भाग चिमटीत धरा. धरला? हा मोठा स्नायू डोक्याच्या मागून निघतो, खांद्यापर्यंत येतो आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत जातो. डॉक्टर त्याला ट्रॅपेझियस म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल. जागा विसरू नका.

आता बोटे हळूहळू फिरवा. एखाद्याला आत सुतळीसारखी ताठ दोरी लागेल. त्या दोरीवर एखाद्या ठिकाणी तुरीच्या दाण्याएवढी टणक जागा लागेल. ती दाबली तर कळ येते. कधी कळ तिथेच थांबते. कधी कानामागून वर चढते आणि कानशिलापर्यंत जाते. हीच ती मानेतली गाठ. डॉक्टर तिला ट्रिगर पॉइंट म्हणतात. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा घोडा. घोडा दाबतो एकीकडे, गोळी लागते दुसरीकडे. तसेच हे दुखणे आहे. गाठ खांद्यात असते आणि डोके ठणकते.

पण एक नीट समजून घ्या. ही गाठ डोळ्यांना दिसत नाही. ती हाताने शोधावी लागते आणि दाबली की दुखते. मानेवर दिसणारी, वाढत जाणारी, न दुखणारी गाठ निराळी. ती गंडमाळ असू शकते, दुसरे काही असू शकते. ती चोळू नका, शेकू नका. सरळ डॉक्टरला दाखवा.

गाठ होते कशी?

आपले डोके साडेचार ते पाच किलोचे असते. ते मानेवर सरळ उभे असेल तर मानेला त्याचा भार फारसा वाटत नाही. पण ते पुढे झुकले की भार वाढतो. भरलेला गुंड कमरेशी धरा, तो हलका वाटतो. तोच गुंड हात लांब करून धरा. क्षणात हात थरथरू लागतो. गुंड तोच, पाणी तेवढेच. फक्त तो अंगापासून दूर गेला. डोके पुढे वाकते तेव्हा मानेचे असेच होते.

आता पाहा, आपली कामे कशी आहेत. कापूस वेचताना मान खाली असते. कामठी, भंडारा, गोंदिया इकडे बाया विड्या वळतात. तेंदूच्या पानावर दिवसभर नजर असते, मान खालीच. फवारणीचा पंप पाठीवर घेतला की पंधरा-सोळा लिटरचे ओझे दोन पट्ट्यांवर येते, आणि पट्टे रुततात नेमके त्या दोरीवर. डोक्यावर गुंड, डोक्यावर संत्र्याचे क्यारेट, डोक्यावर सरपणाची मोळी. आणि तरण्या पोरांनो, तुम्ही हसू नका. रात्री मोबाईलवर मान घालून बसता, तेव्हा तुमचीही मान खालीच असते.

असे तासन् तास झाले की स्नायूचा एक बारीक भाग आवळलेलाच राहतो. सैल होत नाही. तिथे रक्त नीट पोचत नाही. रक्त नाही म्हणून प्राणवायू कमी पडतो. मग दुखते. दुखते म्हणून माणूस खांदा आणखी आवळून धरतो. खांदा आवळला की गाठ आणखी घट्ट होते. घाण्याच्या बैलासारखे हे फिरत राहते. ही गाठ आत नेमकी कशी बनते, यावर विद्वानांचा वाद अजून चालू आहे. पण अशी जागा दाबली की दुखते आणि योग्य उपचाराने आराम पडतो, हा पुष्कळांचा अनुभव आहे.

एक मोठा माणूस आणि त्याची खुर्ची

गाठ एकीकडे आणि दुखणे दुसरीकडे, हे कुणी ताडले? १९३८ साली इंग्लंडात केल्ग्रेन नावाच्या डॉक्टरांनी एक प्रयोग केला. त्यांनी माणसाच्या स्नायूत खारे पाणी टोचले. टोचले एका जागी, पण दुखले दूरच्या जागी. तेव्हा कळले की दुखणे आपल्याला पत्ता चुकीचा सांगते.

पुढे अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल नावाच्या बाई डॉक्टर झाल्या. त्यांनी सारे आयुष्य या गाठींच्या मागे घालवले. कोणती गाठ कुठे दुखवते, याचे नकाशे त्यांनी तयार केले. त्या काळचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची पाठ फार दुखे. १९६१ साली त्यांनी याच बाईंना आपले डॉक्टर नेमले. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या बाई. झुलत्या खुर्चीत बसण्याचा त्यांचा सल्ला केनेडींनी मानला, आणि ती खुर्ची जगभर गाजली.

आम्ही हे का सांगतो? एवढ्या मोठ्या देशाच्या राष्ट्राध्यक्षालाही पाठदुखी होती. पण त्याने "चालायचंच" म्हटले असते, तर बरे वाटले नसते. आपणही "चालायचंच" म्हणू नये.

आमची चूक

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. आम्ही नागपूरला एका दवाखान्यात फिजिओथेरपीच्या खात्यात काम करत होतो. फिजिओथेरपी म्हणजे शेक, दाब, ताण आणि व्यायाम यांनी करायचा उपचार. आपल्या भाषेत त्याला भौतिकोपचार म्हणतात.

संत्र्याच्या पट्ट्यातून एक बाई आली. वय चाळिशीचे. म्हणाली, "माही मान दोन सालापासून दुखून राह्यली. अर्धं डोकं फुटून राह्यलं. चष्मा लावून पाह्यला, गोळ्या खाऊन पाह्यल्या. पैसे गेले, दुखनं नाही गेलं."

फोटो काढलेला होता. हाडे बरी होती. आम्ही खांदा तपासला. उजवीकडे दोन टणक गाठी हाताला लागल्या. एक दाबली आणि ती ओरडली, "हेच! हेच दुखते!" कळ थेट कानशिलात गेली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आले. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी नेमक्या जागेवर बोट ठेवले होते.

आम्ही शेक दिला, दाब दिला, ताण दिला. व्यायाम शिकवला. सहा खेपांत ती रात्रभर झोपू लागली. आम्हाला मोठा आनंद झाला. घरी जा म्हणालो.

पंधरा दिवसांनी ती परत आली. तेच दुखणे.

आम्ही जरा रागानेच विचारले, "व्यायाम केला नाही ना?" ती म्हणाली, "रोज केला." आम्ही गप्प. तेव्हा आमच्या खात्यातल्या वयस्कर मदतनीस बाईंनी तिला विचारले, "बाई, घरी पाणी कोण भरते?"

"मीच."

"किती खेपा?"

"सकाळी तीन, सांजच्याला तीन. डोक्यावर दोन गुंड."

"आणि दिवसा?"

"दिवसा संत्र्याचे क्यारेट उचलते."

दोन गुंडांचे वीस किलो. दिवसातून सहा वेळा. वर क्यारेट. हे आम्ही विचारलेच नव्हते. आम्ही गाठ सोडवत होतो आणि ओझे ती गाठ पुन्हा बांधत होते. चूक तिची नव्हती. चूक आमची होती.

दुसऱ्या खेपेला तिच्यासोबत तिचा नवरा आला. आम्ही पाण्याचे बोललो. तो म्हणाला, "पानी भरनं बायकायचं काम हाय साहेब." आम्ही त्याच्याशी वाद घातला नाही. त्याचा अंगठा धरून तिच्या खांद्यावरच्या गाठीवर ठेवला. म्हटले, "हळू दाबा." तो दचकला. म्हणाला, "हे तर जुवाखालच्या खांद्यावानी टनक हाय!"

मग आम्ही विचारले, "भाऊ, बैलाचा खांदा सुजला तर तुम्ही काय करता?"

"पंधरा दिवस जुपत नाही. शेकतो."

"आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी?"

"खांदशेकनी करतो. लोनी-हळद लावतो, खांदा शेकतो, त्याले जेवाचं आवतन देतो."

एवढे बोलून तो स्वतःच गप्प झाला. बराच वेळ खाली पाहत बसला. आम्हीही काही बोललो नाही.

महिनाभराने ती आली तेव्हा हसत आली. नवऱ्याने जुन्या सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन बांधले होते. पाणी आता तो आणत होता. तिचे दुखणे पुरते गेले असे आम्ही म्हणणार नाही. तोडणीच्या दिवसांत मान अजून कुरकुरते. पण ती झोपते, कामावर जाते, आणि गोळ्यांचा पैसा वाचला.

तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला आधी विचारतो, "तुमच्या डोक्यावर काय असते?"

उपचार कोणते?

आता उपचार ऐका. काही घरी करायचे आहेत, काही दवाखान्यात.

पहिला, शेक. कापड गरम पाण्यात बुडवून पिळा. खांद्यावर ठेवा. पंधरा-वीस मिनिटे पुरे. गरम म्हणजे सोसवेल इतके गरम. ज्याला गोड लघवीचा रोग आहे किंवा महारोगाने ज्याची कातडी बधिर आहे, त्याने फार जपावे. त्याला भाजलेले कळत नाही.

दुसरा, दाब. गाठ सापडली की अंगठ्याने हळू दाबा. सोसवेल इतकाच दाब द्या. अर्धा ते एक मिनिट धरा. दुखणे ओसरू लागते, मग सोडा. पाठीकडची गाठ हाताला पोचत नसेल तर पोराचा रबरी चेंडू घ्या. भिंत आणि पाठ यांच्या मध्ये धरून त्यावर हळू रेला. कण्याच्या हाडावर दाब देऊ नका. गळ्याच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी उडते, तिथे तर मुळीच नको.

तिसरा, ताण. बाजेवर बसा. डाव्या हाताने बाजेची कड धरा. मान उजवीकडे कलवा, कान खांद्याकडे आणा. उजवा हात डोक्यावर नुसता ठेवा, ओढू नका. वीस-तीस आकडे मोजा. पुन्हा सरळ व्हा. असे दोन्ही बाजूंनी तीन-तीन वेळा. झटका द्यायचा नाही.

चौथा, व्यायाम. हा सगळ्यांत मोठा. सरळ बसा, समोर पाहा, हनुवटी सरळ मागे ओढा. पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा करा. मग दोन्ही खांदे मागे न्या, पाठीची पाती एकमेकांजवळ आणा. पाच मोजा, सोडा. हेही दहा वेळा. मग तळहात कपाळावर ठेवा. डोक्याने हात ढकला, हाताने डोके अडवा. डोके हलू देऊ नका. पाच मोजा. असेच मागून आणि दोन्ही बाजूंनी करा.

व्यायामाने खरेच फरक पडतो का? २००३ साली फिनलंड देशातला एक अभ्यास छापून आला. कचेरीत काम करणाऱ्या, मान जुनी दुखणाऱ्या १८० बाया घेतल्या होत्या. वर्षभर पाहिले. ज्यांनी मान आणि खांदे बळकट करायचा व्यायाम केला, त्यांचे दुखणे पुष्कळ कमी झाले. ज्यांनी नुसता ताण आणि हलका व्यायाम केला, त्यांना तेवढा गुण आला नाही. शेक आणि दाब यांनी आज बरे वाटते. व्यायामाने उद्याही बरे वाटते.

पाचवा, सुई. दवाखान्यात बारीक सुई गाठीत घालतात. त्यात औषध नसते. चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी १९७९ साली दाखवले की गुण औषधाचाच नसतो, सुईचाही असतो. पण हे शिकलेल्याचेच काम आहे. खांद्याच्या खाली फुप्फुसाचे टोक असते. सुई चुकली तर फुप्फुसाला भोक पडते. गावात कुणी सुई टोचतो म्हणाला तर त्याला हात जोडा आणि परत जा.

विजेच्या यंत्रानेही शेक देतात, झिणझिण्या देतात. त्याने तात्पुरता आराम पडतो. यंत्र मोठे म्हणून उपचार मोठा, असे समजू नका.

हे करू नका

केस कापायला गेलो की काही ठिकाणी मान कडकन मोडून देतात. ऐकायला बरे वाटते. पण मानेच्या हाडांतून मेंदूकडे रक्ताच्या नळ्या जातात. झटक्याने नळी फाटली तर लकवा मारतो. असे क्वचित होते. पण ज्याला झाले त्याचे घर बसते. मान कुणाला मोडू देऊ नका.

दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज खाऊ नका. पोटात व्रण होतात. आपल्याकडचे ऊन कडक. घाम जातो, पाणी कमी पडते, त्यात या गोळ्या खाल्ल्या तर मूत्रपिंडावर घाला येतो.

आणखी एक. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार पुष्कळ घरांत आहे. त्याचे दुखणेही हाडांत, मांसात येते. तो आजार असेल तर बर्फ लावू नका, थंडीने दुखणे वाढते. असे दुखणे उठले तर व्यायाम करत बसू नका, दवाखाना गाठा. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. ती करून घ्या.

केव्हा धावत जायचे?

मान दुखते आणि सोबत ताप आहे, हनुवटी छातीला लागत नाही, माणूस बरळतो — धावत जा. छाती दाबल्यासारखी होते, डावा हात, मान किंवा जबडा दुखतो, घाम फुटतो — धावत जा. झाडावरून पडून, गाडीवरून पडून मान दुखते — मान न हलवता न्या. हाताची मूठ ढिली पडते, पाय लटपटतात, लघवी कळत नाही — थांबू नका. अचानक तोंड वाकडे होते, बोलणे अडखळते — क्षणभरही थांबू नका. ही आमची गाठ नव्हे.

बाकी साध्या दुखण्याला आधी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. आशाताईंना विचारा. पुढे गरज पडली तर नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपण त्याला मेडिकल म्हणतो. ते १९४७ साली सुरू झाले. तिथे भौतिकोपचाराचे खाते आहे आणि हा विषय शिकवलाही जातो. आज तुम्ही वाचायला शिकलात. म्हणजे चिठ्ठीवरचे खाते, वार आणि वेळ तुम्हीच वाचाल. कुणाच्या तोंडाकडे पाहायला नको.

ओझ्याचे काय?

शेवटी ओझ्याचे बोलू. डोक्याखाली उंच उशी नको. डोक्यावर चुंबळ नीट, सपाट ठेवा. एका मोठ्या खेपेपेक्षा दोन लहान खेपा बऱ्या. क्यारेट दोघांनी मिळून उचला. वेचणीत अर्ध्या तासाने एकदा सरळ उभे राहा, आभाळाकडे पाहा, खांदे मागे न्या. मुकादम ओरडला तर सांगा, यात अर्धे मिनिटही जात नाही. पंपाच्या पट्ट्यांखाली जाड कापडाची घडी ठेवा.

ओझ्याला माप असावे, हे जगानेही मानले आहे. १९६७ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने सांगितले, की मोठ्या पुरुषानेसुद्धा हाताने वाहायचे ओझे ५५ किलोंपेक्षा जास्त नसावे, आणि बायकांचे त्याहून पुष्कळ कमी असावे. आपल्या राज्यात १९६९ साली माथाडी आणि हमाल यांच्यासाठी कायदा झाला. माथाडी म्हणजे माथ्यावर ओझे वाहणारा. बाजारातल्या माणसाच्या माथ्यासाठी कायदा झाला. घरातल्या बाईच्या माथ्यासाठी कायदा नाही. तो घरातल्या माणसांनीच करायचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचा खांदा शेकतो. फार चांगली रीत आहे. ती सोडू नका. पण त्या रात्री घरातही एकदा विचारा, "तुझी मान दुखते काय?"

लक्षात ठेवा :
गाठ शोधा. शेक द्या. हळू दाबा. ताण द्या.
रोज व्यायाम करा.
मान मोडू देऊ नका. गोळ्यांची सवय लावू नका.
धोक्याच्या खुणा दिसल्या तर दवाखान्यात जा.
ओझे वाटून घ्या.